शेफील्डची चाकू-कारागिरी

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील शेफील्ड हे शहर व त्याच्या भोवतालचा हॅलमशर हा मुलूख येथे हाताने चाकू, सुऱ्या व कात्र्या घडविण्याचा व्यवसाय सुमारे सातशे वर्षे चालत आला आहे. लोखंडी पात्याला धार देण्याचे काम जगात सर्वत्र होते. आपल्याकडेही गावोगावचा लोहार विळी, कोयता व सुरी घडवीत असे आणि शिकलगार त्यांना धार लावून देत असे. परंतु एका सबंध शहराने केवळ पात्यांवर पोट भरल्याची उदाहरणे थोडी आहेत. जर्मनीतील झोलिंगेन, फ्रान्समधील त्येर, जपानमधील साकाई व सेकी ही अशी काही गावे होत. त्यांत शेफील्डचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. कारण उत्तम कसब, उत्तम पोलाद आणि जगभर नाव एवढे सारे असूनही चाकू करणाऱ्या माणसाला पोटभर भाकरी व पुरेसे आयुष्य मिळेलच असे नाही, ही गोष्ट त्यातून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच अन्यत्र होते.

प्रारंभ : शेफील्डच्या परिसरात या धंद्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी जवळपास उपलब्ध होत्या. टेकड्यांत लोहखनिज होते, कोळसा पाडण्यासाठी राने होती व दगडी चाकांसाठी योग्य असा खरखरीत वालुकाश्म होता. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन व लॉक्सली या पाच नद्या पेनाइन डोंगराच्या उतारावरून वेगाने खाली येत असल्यामुळे थोड्या अंतरात पाणचक्क्या फिरविणे सोपे होते. इ. स. १२९७ च्या कर-नोंदीत रॉबर्ट नावाच्या सुरीकाराचा उल्लेख आढळतो; या धंद्याची शेफील्डमधील ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसर याने कँटरबरी टेल्स मधील एका कथेत ट्रंपिंग्टनच्या गिरणीवाल्याजवळ शेफील्डचा चाकू असल्याचे सांगितले आहे. केंब्रिजजवळच्या गावातील माणसाजवळ शेफील्डचा चाकू असणे ही गोष्ट त्या काळीही वाचकाला नवलाची वाटत नव्हती, असे यावरून दिसते.

सुरुवातीला हा धंदा शेतीला जोडून चालत असे. घरामागच्या लहानशा भट्टीत पाती घडवावयाची, ती नदीकाठच्या पाणचक्कीवर घासून आणावयाची आणि घरी बसून मुठी बसवावयाच्या, असा क्रम होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्ड गावात दर दोन-तीन घरांमागे एक भट्टी होती, असे १६७२ च्या चूल-करासंबंधीच्या कागदपत्रांवरून दिसते.

सुरीकारांचे मंडळ : मध्ययुगात धंद्याचे नियमन जहागीरदाराच्या दरबाराकडे होते. सोळाव्या शतकात श्रूझबरीच्या अर्लच्या अमलाखाली सुरीकारांचे नियम ठरविण्यात आले व प्रत्येकाला आपापले चिन्ह देण्याची पद्धत रूढ झाली. १६१६ मध्ये सातवा अर्ल मरण पावला व जहागीर बाहेरगावी राहणाऱ्या वारसांकडे गेली, तेव्हा धंद्याला धनी उरला नाही. म्हणून १६२४ मध्ये संसदेच्या अधिनियमाने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशर’ या सुरीकार मंडळाची स्थापना झाली. हॅलमशर व त्याच्या सभोवारचा सहा मैलांचा टापू मंडळाच्या कक्षेत होता. ‘मास्टर कटलर’ हा प्रमुख, दोन वॉर्डन, सहा तपासनीस व चोवीस साहाय्यक अशी तेहतीस जणांची त्याची रचना होती.

मंडळाचे नियम दोन प्रकारचे होते. पहिल्या प्रकारातील नियम मालाचा दर्जा राखण्यासाठी होते : धारेसाठी पोलादच वापरले पाहिजे आणि आपले नोंदलेले चिन्ह पात्यावर उमटविले पाहिजे, असा दंडक होता. दुसऱ्या प्रकारातील नियम धंद्यातील माणसांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी होते : किमान सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कोणालाही स्वतंत्र धंदा करता येत नसे आणि उस्तादाला स्वतःच्या मुलांखेरीज एका वेळी एकच उमेदवार ठेवण्याची मुभा असे. हातांची संख्या वाढली की हाताची किंमत उतरते, हे त्या लोकांना अर्थशास्त्राच्या पुस्तकांविना ठाऊक होते. १८१४ च्या अधिनियमाने ही बंधने रद्द केली. उमेदवारी केलेली असो वा नसो, कोणीही हा धंदा करू शकेल असे ठरले. पुढील शंभर वर्षांतील अनेक कलहांचे मूळ या बदलात आहे.

पोलाद : जुने सुरीकार लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून दीर्घकाळ तापवीत व त्यापासून पोलाद मिळवीत. यासाठी स्वीडनमधील शुद्ध लोखंड हल बंदरातून येई. या पोलादात कार्बन सर्वत्र सारखा नसे. त्यामुळे एकाच पात्याचा एक भाग ठिसूळ व दुसरा मऊ निघे. डाँकॅस्टर येथील घड्याळजी बेंजामिन हंट्समन (१७०४–७६) याला घड्याळाच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. १७४० नंतरच्या काही वर्षांत त्याने शेफील्डजवळच्या हँड्‌सवर्थ येथे बंद मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवून ओतण्याची पद्धत सिद्ध केली. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण भारतात फार प्राचीन काळापासून होती. हंट्समनची पद्धत तिच्याहून निराळी असून स्वतंत्रपणे शोधलेली होती. हे पोलाद घडावयास कठीण म्हणून शेफील्डच्या सुरीकारांनी प्रथम ते नाकारले. तेव्हा हंट्समनने ते फ्रान्समध्ये विकले. त्यापासून केलेल्या फ्रेंच सुऱ्या बाजारात दिसू लागल्यावर शेफील्डकरांना आपली चूक उमगली, असे परंपरा सांगते. कसबी माणूस नव्या साहित्याला सहजासहजी हात लावीत नाही, याचे हे पहिले उदाहरण. दुसरे उदाहरण विसाव्या शतकात घडले.

कामाची विभागणी : एक चाकू साधारणतः तीन प्रकारच्या कारागिरांच्या हातून जाई. पहिला घडणारा. तो पोलादी कांबीचे टोक भट्टीत लाल करून ऐरणीवर पात्याचा आकार देई, ते तोडून पुन्हा तापवी व मुठीत जाणारी शेपटी काढी आणि अखेरीस पाते सरळ व दाट करून त्यावर मालकाचे चिन्ह ठोकी. मोठ्या सुऱ्यांसाठी घण मारणारा एक जोडीदार लागे; खिशातील चाकूंची लहान पाती एकटा माणूस घडी. नंतर पाते लालबुंद करून पाण्यात वा तेलात बुडविले म्हणजे ते कठीण, परंतु काचेसारखे ठिसूळ होई. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्यावर गवती पिवळ्यापासून तपकिरी-जांभळ्यापर्यंत जो रंग चढे, त्यावर नजर ठेवून पाणी उतरवीत. हा रंग नेमका ओळखणे हेच घडणाऱ्याचे खरे भांडवल होय.

दुसरा कारागीर घासणारा, म्हणजे शिकलगार. पाण्याच्या कुंडात फिरणाऱ्या मोठ्या दगडी चाकामागे लाकडी खोगिरावर पाय फाकून तो बसे व पाते चाकावर दाबून धरी. ही चाके बहुधा रॉदरमजवळच्या विकर्स्ली येथील वालुकाश्माची असत. दगडानंतर कातडे चढविलेल्या व कुरुंदाची पूड लावलेल्या लाकडी चाकावर पाते गुळगुळीत होई व शेवटी झिलई दिली जाई. कधी वेगाने फिरणारे चाक मधूनच फुटे व समोर बसलेल्या माणसाचा प्राण जाई.

तिसरा कारागीर मूठ बसविणारा व चाकू जुळविणारा. शेफील्डमध्ये ‘कटलर’ ही संज्ञा विशेषेकरून यालाच लावीत. शिंग, हाड, हस्तिदंत, शिंपला, कासवाची पाठ, शिसवी व इतर कठीण लाकडे हे त्याचे साहित्य. मृगशृंगाच्या मुठींसाठी भारतातील सांबराच्या शिंगांना मोठी मागणी होती. ती आतून भरीव व पृष्ठभागी खडबडीत असल्याने पकड चांगली बसे. घडीच्या चाकूचे काम सर्वांत नाजूक. पाठीवरची कमान पाते उघडे, मिटलेले व अर्धवट उघडे असताना तिन्ही वेळा एका रेषेत राहिली पाहिजे आणि मिटताना पात्याचा आवाज स्पष्ट उमटला पाहिजे, ही त्याची कसोटी असे. ग्राहक हा आवाज ऐकून चाकू घेत.

छोटे मालक : मोठे कारखाने उभे राहिल्यानंतरही शेफील्डचा धंदा मुख्यतः लहान माणसांच्या हाती राहिला. त्यांना स्थानिक बोलीत ‘लिटल मेस्टर’, म्हणजे छोटे मालक, म्हणत. असा मालक एखाद्या इमारतीत एक खोली किंवा नुसती खिडकीजवळची जागा भाड्याने घेई. घासणारा असल्यास सार्वजनिक चक्कीत एका चाकाचे भाडे देई. दोन-चार हत्यारे, उधारीवर घेतलेले पोलाद आणि एखादा उमेदवार एवढ्यावर धंदा सुरू होई. मोठा कारखानदारही सर्व काम आपल्या छपराखाली करवून घेत नसे. तो पाती एकाकडून, घासणी दुसऱ्याकडून व मुठी तिसऱ्याकडून उक्त्या दराने करवून घेई व शेवटी आपले चिन्ह लावी.

या व्यवस्थेत स्वातंत्र्य होते. छोट्या मालकावर भोंगा व मुकादम यांची सत्ता चालत नसे. सोमवारी सुट्टी घेऊन शनिवारी रात्रीपर्यंत काम ओढण्याची प्रथा त्यांच्यात सार्वत्रिक होती. परंतु हे स्वातंत्र्य महाग पडे. माल विकण्यासाठी त्याला अडत्याकडे जावे लागे; अडत्याजवळ गिऱ्हाईक होते, कारागिराजवळ नव्हते. आठवड्याअखेरीस पोलादाची उधारी, जागेचे भाडे व घरातील शिधा यांसाठी रोकड हवी असे, त्यामुळे तो मिळेल त्या भावाने माल देई. कित्येकदा पैशांऐवजी वस्तूच पदरात पडत. मंदी आली की कारखान्यातून काम सुटलेले मजूरही खोली भाड्याने घेऊन छोटे मालक बनत. म्हणजे मागणी कमी होई त्याच वेळी विकणारे वाढत व भाव आणखी उतरे. धंद्यात शिरणे सोपे असल्यामुळेच त्यात तगणे अवघड झाले होते.

डझनाचा प्रश्न या संदर्भात उल्लेखनीय आहे. मजुरी डझनावर ठरे, परंतु मालक डझनासाठी बारांऐवजी तेरा नग मागत. १७८७ मध्ये जॉनथन वॉट्‌किन्सन हा मास्टर कटलर असताना या तेराव्या नगावरून मोठा असंतोष माजला. कानशी टाचणारा कवी जोसेफ मादर (१७३७–१८०४) याने त्याच्यावर रचलेले उपहासगीत शेफील्डच्या कामकऱ्यांच्या तोंडी झाले. जे मंडळ कारागिरांच्या रक्षणासाठी निर्माण झाले होते त्याच्या प्रमुखाविरुद्धच कारागीर गाणी म्हणू लागले, यावरून दीडशे वर्षांत मालक व मजूर यांच्यात पडलेले अंतर लक्षात येते.

शिकलगारांचा रोग : या व्यवसायाची सर्वांत मोठी किंमत घासणाऱ्यांनी दिली. दगड व पोलाद यांची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन त्यांना धाप, खोकला व शेवटी क्षयासारखी अवस्था येई. हा रोग ‘ग्राइंडर्स अस्थमा’ या नावाने ओळखला जाई. वालुकाश्मातील सिलिकेमुळे होणारा सिलिकोसिस हा त्याचा मुख्य भाग होय, हे पुढे स्पष्ट झाले. ओल्या दगडावर काम करणाऱ्यांपेक्षा कोरड्या दगडावर काटे व सुया घासणाऱ्यांची स्थिती अधिक वाईट होती. शेफील्डमधील वैद्य आर्नल्ड नाइट याने १८३० च्या सुमारास या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले व कॅल्व्हर्ट हॉलंड याने १८४३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. कोरडे घासणारे जेमतेम पस्तिशीपर्यंत जगतात आणि ओले घासणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतात, हे नाइटचे निरीक्षण फ्रीड्रिख एंगेल्स याने १८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथात उद्‌धृत केले आहे.

वाफेच्या शक्तीने हा रोग वाढविला. नदीकाठच्या चक्क्या उघड्या व हवेशीर असत आणि उन्हाळ्यात पाणी आटले वा हिवाळ्यात गोठले की काम आपोआप थांबे. १७८६ मध्ये शेफील्डमध्ये पहिली वाफेची घासण-चक्की सुरू झाली. त्यानंतर शहरातील कोंदट खोल्यांत दाटीवाटीने बसून वर्षभर काम करणे शक्य झाले. नव्हे, भाग पडले. धूळ ओढून नेणारे पंखे व नळ उपलब्ध होते, पण त्यांचा खर्च कोणी करावयाचा हा वाद होता. कारण चाकाचे भाडे घासणारा देई व इमारत दुसऱ्याची असे. काही कारागिरांनी तर स्वतःच या साधनांना विरोध केला. धूळ गेली तर लोक अधिक जगतील, धंद्यात हात वाढतील व मजुरी उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. या युक्तिवादाला अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या धंद्यात सहकाऱ्याचे अकाली मरण हीच मजुरी टिकण्याची हमी ठरते, त्या धंद्याच्या रचनेवरचा तो अभिप्राय आहे. १८६७ च्या कारखाना कायद्याने पंख्यांची सक्ती करण्याचा अधिकार निरीक्षकांना दिला. तथापि विसाव्या शतकात वालुकाश्माच्या जागी कृत्रिम अपघर्षकांची चाके आल्यावरच या रोगाचा जोर खऱ्या अर्थाने ओसरला.

संघटना व अत्याचार : उमेदवारीची बंधने कायद्याने गेल्यावर कारागिरांनी ती संघटनांच्या बळावर टिकविण्याचा प्रयत्न केला. वर्गणी न भरणाऱ्या किंवा जादा उमेदवार ठेवणाऱ्या माणसाच्या चाकाचा पट्टा रात्रीतून नाहीसा होई. थकबाकी भरली की तो परत सापडे. या प्रकाराला ‘रॅटनिंग’ म्हणत. प्रकरण तेथेच थांबले नाही. काही ठिकाणी दारूचे स्फोट व गोळीबार झाले. ऑक्टोबर १८६६ मध्ये करवती घासणाऱ्या एका कारागिराच्या घरात स्फोट झाल्यानंतर सरकारने चौकशी नेमली. १८६७ च्या चौकशीत साक्षीदारांना अभय देण्यात आले, तेव्हा करवत घासणाऱ्यांच्या संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने अनेक कृत्यांची जबाबदारी कबूल केली. या घटनांनी देशभर खळबळ उडाली व कामगार संघटनांच्या कायदेशीर स्थानाचा विचार अपरिहार्य झाला. १८७१ चा कामगार संघटना अधिनियम या पार्श्वभूमीवर संमत झाला.

चिन्ह व बाजारपेठ : चाकूचा दर्जा ग्राहकाला पाहून कळत नाही, तो वापरल्यानंतर कळतो. म्हणून या धंद्यात चिन्हाला पोलादाइतके महत्त्व आहे. १८१९ च्या अधिनियमाने हातोड्याने घडविलेल्या पात्यांवरच हातोड्याचे चिन्ह उमटविण्याची परवानगी दिली. साच्यात ओतलेल्या स्वस्त लोखंडी सुऱ्या घडीव म्हणून विकल्या जाऊ लागल्याने हा कायदा करावा लागला. हस्तनिर्मित मालाला यंत्राच्या मालापासून कायद्याने वेगळे ठेवण्याचा हा एक जुना प्रयत्न होय.

एकोणिसाव्या शतकात जोसेफ रॉजर्स आणि सन्स व जॉर्ज वॉस्टनहोम या पेढ्या जगभर प्रसिद्ध होत्या. तारा व माल्टीज क्रूस हे रॉजर्सचे चिन्ह होते. या पेढीला १८२२ मध्ये राजाश्रय मिळाला. त्याच सुमारास तिने सन जितका तितकी पाती असलेला ‘वर्ष-चाकू’ तयार केला आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात पंचाहत्तर पाती व अवजारे असलेला ‘नॉरफॉक चाकू’ मांडला. मुंबई व कलकत्ता येथेही तिचा माल जाई. वॉस्टनहोम (१८००–७६) अनेकदा अमेरिकेला गेला. १८३० नंतर तेथे बोई-चाकूंची लाट आली, तेव्हा अमेरिकन सीमाप्रदेशाचे प्रतीक मानला गेलेला हा चाकू मोठ्या संख्येने शेफील्डमध्येच तयार होत असे. त्याच्या कारखान्याचे नावही ‘वॉशिंग्टन वर्क्स’ होते.

एकाच बाजारपेठेवर विसंबल्याचा परिणाम लवकरच दिसला. अमेरिकेत यंत्रांवर सुऱ्या होऊ लागल्या आणि १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने शेफील्डच्या मालावर जबर कर बसला. दुसरीकडे झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने खपू लागला. १८८७ च्या व्यापारी चिन्ह अधिनियमाने परदेशी मालावर उत्पत्तिस्थान छापणे भाग पाडले. त्यातून ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे आली. पण कालांतराने ती दूषण न राहता भूषण ठरली. खुद्द झोलिंगेनने १९३८ मध्ये स्वतःच्या नावाच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा मिळविला.

अगंज पोलाद व यंत्रे : १९१३ मध्ये शेफील्डमधील ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्यांची झीज रोखण्यासाठी प्रयोग करीत असता सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद सहज गंजत नाही, असे त्याला दिसून आले. तो स्वतः शेफील्डच्या कामकरी वस्तीत वाढलेला असल्याने त्याला प्रथम सुऱ्यांचीच आठवण झाली. पण सुरीकारांनी ते घडावयास व पाणी द्यावयास अवघड म्हणून नाकारले. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक’ अशी त्याची थट्टाही झाली. मॉस्ली यांच्या पोर्टलंड वर्क्समधील अर्नेस्ट स्टुअर्ट या व्यवस्थापकाने योग्य तापमान शोधून काढले, तेव्हा अगंज सुरी शक्य झाली. मात्र तिच्याबरोबर घडणाऱ्याच्या नजरेची जागा तापमापकाने घेतली. पत्र्यातून पाती कापणारी व यंत्रावर घासणारी साधने आल्यावर सात वर्षांच्या उमेदवारीचे प्रयोजन उरले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, हाँगकाँग व कोरिया येथील स्वस्त मालापुढे एकेक जुनी पेढी बंद पडली. वॉस्टनहोमची पेढी १९७१ मध्ये रॉजर्समध्ये विलीन झाली.

उत्तरकाल : हाताने चाकू करणारे छोटे मालक बोटांवर मोजण्याइतके उरले, त्या वेळी एक वेगळीच गोष्ट घडली. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) हा वयाच्या चौदाव्या वर्षी इबर्सन यांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला होता. पुढे तो स्वतंत्रपणे घडीचे चाकू करू लागला व अखेरीस केलम आयलंड येथील औद्योगिक संग्रहालयात त्याचे दुकान होते. त्याच्या चाकूसाठी ग्राहक कित्येक वर्षे थांबत. २०१७ मध्ये त्याला ब्रिटिश एंपायर मेडल मिळाले. त्याच्या पूर्वीच्या पिढ्यांकडे हेच कसब होते. फरक इतकाच की शॉचा चाकू अडत्याकडे न जाता थेट घेणाऱ्याच्या हाती जाई आणि त्यावर कारखानदाराचे नव्हे, तर त्याचे स्वतःचे नाव असे.

अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तनिर्मित चाकूंचा नवा धंदा उभा राहिला. बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) याने पोलादाच्या पट्टीतून घासून पाते काढण्याची पद्धत लोकप्रिय केली. १९७० मध्ये चाकू-कारागिरांचा संघ व १९७६ मध्ये घडीव पाते करणाऱ्यांची ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापन झाली. जपानमधील साकाई येथे मात्र घडणारा, धार लावणारा व मूठ बसविणारा हे भेद अद्याप टिकून असून १९८२ मध्ये तेथील पात्यांना शासनाने पारंपरिक हस्तव्यवसायाचा दर्जा दिला. इंग्लंडच्या १९८८ च्या फौजदारी न्याय अधिनियमानुसार तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू जवळ बाळगण्यास मनाई नाही. त्यामुळे शेफील्डच्या जुन्या खिसा-चाकूला अजून थोडाबहुत ग्राहक आहे. २०१३ मध्ये पोर्टलंड वर्क्सची इमारत पाचशेहून अधिक भागधारकांनी मिळून विकत घेतली व कारागिरांच्या दुकानांसाठी राखली. म्हणजे चाकाचे व खोलीचे भाडे, जे छोट्या मालकाच्या गळ्याला लागत असे, ते शतकानंतर सहकाराच्या कक्षेत आले.

समालोचन : हस्तनिर्मित चाकूंचा धंदा यंत्रांनी बुडविला, असे सर्रास म्हटले जाते. शेफील्डचा इतिहास पाहता हे विधान अपुरे ठरते. यंत्रे येण्यापूर्वी, धंदा भरभराटीत असतानाच, चाकू करणारा माणूस कर्जात व रोगात बुडालेला होता. कामाची बारीक विभागणी झाल्यामुळे त्याच्या कसबाची खोली वाढली, पण पूर्ण वस्तू त्याच्या हाती राहिली नाही. आणि जी वस्तू आपली नाही तिचा भाव ठरविण्याचा अधिकारही त्याला राहिला नाही. चिन्ह कारखानदाराचे, गिऱ्हाईक अडत्याचे, चाक भाड्याचे, आणि धूळ तेवढी त्याची, अशी वाटणी होती. आज जे थोडे कारागीर या धंद्यावर जगतात ते पाती घडतात, घासतात, मूठ बसवितात व स्वतःच विकतात. त्यांची संख्या अल्प असल्याने शहर त्यांच्यावर जगू शकत नाही. परंतु नाव, भाव व श्वास या तीन गोष्टी ज्याच्या त्याच्या ताब्यात राहिल्या तर हाताचे काम माणसाला पोसू शकते, एवढे त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते. पोर्टर नदीवरील शेफर्ड व्हील या जुन्या घासण-चक्कीत दगडी चाके आणि बसण्याची लाकडी खोगिरे आजही पाहावयास मिळतात. ती पाहताना शेफील्डच्या पात्याच्या लौकिकाबरोबरच त्या खोगिरांवर बसलेल्या माणसांच्या आयुष्याचा हिशेबही ध्यानात घेतला पाहिजे.